पाचवी नस आणि हिचे तीन दात

२ डिसेंबर, सकाळी ७
आजपासून सिद्धेश्वरीची केस मी हाती घेतली. आठवडाभर उजव्या गालात करंट मारतो म्हणते. आज दात घासताना अशी किंचाळली की शेजारचे श्रीमंतराव धावत आले. बायको जरा नाजूक आहे, असं सांगून त्यांना परत पाठवलं. ज्युनिअर कॉलेजात एकतीस वर्षं बायॉलॉजी शिकवली, ती उगाच नाही. मेंदूची पाचवी नस, ट्रायजेमिनल. तीन फांद्या: एक कपाळाला, एक वरच्या जबड्याला, एक खालच्या. हिची मधली बिघडली आहे. पंधरा दिवसांत बरी करणार. डॉक्टर नको.

५ डिसेंबर
मधली फांदी वरच्या दातांना जाते. दात काढला की वायरच तुटली. करंट येणार कुठून? डेंटिस्ट म्हणाला, सर, एक्स-रे स्वच्छ आहे, दाढ ठणठणीत आहे, मी काढणार नाही. माझाच विद्यार्थी. बायॉलॉजीत काठावर पास झालेला.

७ डिसेंबर
दुसरा डेंटिस्ट गाठला. दाढ काढली. ही रडली. सुटल्याच्या आनंदाने.

१० डिसेंबर
करंट चालूच. दाढ चुकली असणार. शेजारची काढली.

१६ डिसेंबर
तिसरी.

१९ डिसेंबर
नवा मुद्दा. खालची फांदी चावायचे स्नायू चालवते. स्नायू वापरले नाहीत की सगळी नसच आळसावते (हे पुस्तकात नाही, माझं आहे). आजपासून व्यायाम: रोज एक कडक भाकरी, एकेक घास बत्तीस वेळा. मी समोर बसून मोजतो. नवव्याला ही टेबल धरून थरथरायला लागली. बत्तीस पूर्ण करून घेतले.

२३ डिसेंबर
कमालीची सुधारणा. चार दिवसांत ही एक शब्द बोललेली नाही. तक्रार शून्य. जेवतही नाही, त्यामुळे वजन उतरलं. ते हिला हवंच होतं. ज्येष्ठ नागरिक संघात व्याख्यान ठरवून आलो. विषय: ‘पाचवी नस, घरगुती उपचार’. २१ जानेवारी. नसेचा मोठा तक्ता काढायला घेतला.

२८ डिसेंबर
मैंदर्गीहून मेहुणा आला, बसलिंगप्पा. हिला खिडकीपाशी उजेडात नेऊन बघितलं. मग म्हणाला, दाजी, अक्काचं तोंड कसं झालंय बघितलं का तुमी? मी तक्ता दाखवला. त्याने बघितलाही नाही. अक्काला गाडीत घालून न्यूरॉलॉजिस्टकडे घेऊन गेला. शिकलेला नसला की असं होतं.

२९ डिसेंबर
एमआरआय झाला. नसेच्या मुळाशी रक्तवाहिनी घासते आहे. म्हणजे ट्रायजेमिनलच! निदान माझंच बरोबर. दातांचा काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. त्यांचा सूर आवडला नाही. रोज दोन गोळ्या.

३ जानेवारी
हिने मूठभर शेंगा खाल्ल्या, न किंचाळता. व्यायामाचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतातच. बसलिंगप्पा फोनवर म्हणाला, गोळीनं झालं की. वाद घातला नाही. ही अजून बोलत नाही. दुखतंय का, विचारलं. मानेनेच नाही म्हणाली.

२१ जानेवारी, संध्याकाळी
साठेक माणसं. तिन्ही फांद्या रंगल्या. शेवटी म्हटलं, आता पेशंटनेच दोन शब्द बोलावेत. ही उठली. महिन्याने बोलली, ते थेट माइकवर. म्हणाली, गोळीनं चार दिवसांत थांबलं. त्याच्या आधी ह्यांनी माझे तीन चांगले दात काढवले. मग तोंड उघडून दाखवलं. पुढच्या रांगेतल्या बायका उठून बघायला आल्या. मी मध्येच आभार मानायचा प्रयत्न केला, पण हिचं संपलं नव्हतं. म्हणाली, गेल्या पंचवीस तारखेला मी सिद्धेश्वर तळ्याच्या पायरीवर दोन तास बसले होते, आत उतरायचं ठरवून. एका फुलवालीनं हाताला धरून विचारलं, घरी कोण हाय का न्हाय? बोलता येत नव्हतं, नाहीतर सांगितलं असतं, हायेत की. चित्र काढत बसलेत.

तक्ता माझ्या मागेच लावलेला होता. चांगला आला आहे, असं कुणीच म्हणालं नाही. टाळ्याही नाहीत. अध्यक्षांनी चहा जाहीर केला.

बाहेर आलो तर ही बसलिंगप्पाच्या गाडीत पुढे बसलेली. मागच्या सीटवर हिची मोठी बॅग. विचारलं, कधी येणार?

हिने काच वर केली. हवेत गारवा होता.