दोन फ्रेट

३ मार्च, सोमवार

बुवा नाही म्हणाला. सरळ नाही!

मी म्हटलं काय होतं? एवढंच, की आता नव्या रेकॉर्डिंगला नुसत्या लाकडी गिटारी, वीज नाही, गोंगाट नाही, तर जुन्या कॅसेटची सातही गाणी दोन फ्रेट, म्हणजे गिटारीच्या दांड्यावरची दोन घरं, खाली घेऊ. तुलाही सोपं, ऐकणाऱ्यालाही बरं. तर म्हणाला, "तीस वर्षं लोकांनी ज्या पट्टीत ऐकलंय त्याच पट्टीत गाणार. कॅसेटवर मीच गायलोय ना, मिस्त्री? का माझा मामा गायलाय?"

ठोक्या त्याच्या खोक्यावर बसल्या बसल्या हसला. (ड्रमसेट गेला आणि त्याच्या वाट्याला हे बडवायचं लाकडी खोकं आलं, तरी स्वारी खूश.) मग मीही हसलो. हसायला काय झालं होतं मला? ज्याला रडायला हवं तो हसतो.

धाकटीने सकाळीच फोन करून सांगितलं होतं. डॉक्टरीणबाई तिला म्हणाल्या, यांच्या घशात दोन ऑपरेशनांचे वण आहेत. आता एकदा ताण पडला तर गाणं विसरा, बोलण्यापुरता आवाज राहिला तरी नशीब. धाकटी म्हणाली, "दादा, तू त्याचा सगळ्यात जुना मित्र. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल." माझी बहीण देऊन बसलोय त्याला आणि वर हे.

४ मार्च, मंगळवार

"सातवा मजला" तीनदा घेतलं. ज्यावर गाणं संपतं तो शेवटचा वरचा "ये" तिन्ही वेळा फाटला. बुवा म्हणतो, खोलीत धूळ आहे.

६ मार्च, गुरुवार

लिहून टाकतो. इथे तरी.

कॅसेट एका दिवसात झाली होती. सात गाणी, एक दिवस, त्याहून जास्त वेळ द्यायला कंपनी तयार नव्हती. बुवाला एकशे तीन ताप. घोंगडीत गुंडाळून आणला, उभा केला, गायला. चांगला गायला — खाली, संथ, भरीव. संध्याकाळी धाकटी त्याला रिक्षात घालून घेऊन गेली. तेव्हा लग्नही झालं नव्हतं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. ऐकून म्हणाला, "फार रेंगाळतंय. झोप येते." परत रेकॉर्ड करायला वेळ नव्हता. टेपच्या मशीनवर एक गोल बटण होतं, वेग कमी-जास्त करायचं. मी ते फिरवलं. दुसऱ्या कुणी नाही, मी. टेप जोरात पळायला लागली की सगळंच वर चढतं — गिटार, बेस, आवाज. बरोबर दोन फ्रेट वर गेलं. आणि बुवाचा आवाज असा झाला, जणू वीस वर्षांचा पोरगा गच्चीवरून हाका मारतोय. कंपनीचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहिला.

बुवा आठ दिवसांनी बरा झाला. त्याने ऐकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच म्हणाला, "मिस्त्री, बघ, तापात किती वर गेलो मी!"

त्याचा चेहरा. काय सांगणार होतो मी? म्हटलं, जाऊ दे, चार दिवसांची गंमत. कॅसेट घरोघरी पोचली. पहिल्या कार्यक्रमाआधी मी गुपचूप सगळ्या गिटारींना दुसऱ्या फ्रेटवर तारा दाबणारी क्लिप लावली, म्हणजे कॅसेटच्या पट्टीला येतील. ठोक्याने विचारलं, "ही कधी लावली होती रे रेकॉर्डिंगला?" म्हटलं, तू चहाला गेला होतास तेव्हा. संपला विषय.

त्या दिवसापासून बुवा स्वतःच्याच पळवलेल्या आवाजाच्या मागे धावतोय. जो सूर तो कधी गायलाच नाही, तो रोज गायचा प्रयत्न करतोय. इलेक्ट्रिक गिटारींचा दणदणाट आणि लोकांचं ओरडणं, त्यात फाटलेलं झाकलं जायचं. दोन ऑपरेशनं झाली. दोन्ही वेळा इस्पितळात त्याच्यासाठी मोसंब्या घेऊन गेलो. सोलूनही दिल्या.

७ मार्च, शुक्रवार

आज गाणं मधेच थांबवून खोकला. रुमाल बघितला आणि लगेच खिशात घातला. मी नाही बघितलं असं त्याला वाटतंय.

सांगावं तर तो मोडेल. आयुष्यात त्याने मिरवलं ते एकच — "तापात गायलो होतो." लग्नात सांगितलं, पोरींच्या शाळेत सांगितलं, डॉक्टरीणबाईंनाही सांगितलं म्हणे. न सांगावं तर घसा जातो. आणि सांगितल्यावर तो माझं तोंड बघेल का? मला दुसरं आहे कोण? आमचा बेसवाला दोन वर्षांपूर्वी गेला, त्याची खुर्ची तशीच ठेवलीय. ठोक्या आहे, पण ठोक्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, फक्त भिंत मधेच जेवणाचं विचारत नाही.

माझ्या गिटारदुरुस्तीच्या दुकानात दिवसभर एकाच गिटारीचा पूल, तारा टेकतात ती पट्टी, चिकटवत बसलो. तिरका बसला. परत काढला.

८ मार्च, शनिवार

केलं.

आमच्या बँडची पहिल्यापासूनची रीत — सगळ्यांच्या गिटारी मी लावायच्या. बुवाने जन्मात खुंटीला हात लावलेला नाही. "मिस्त्री आहे की!" आज सगळ्यांच्या आधी पोचलो आणि तिन्ही गिटारी एक फ्रेट उतरवल्या. क्लिप तिथेच, बोटं तिथेच, फक्त तारा सैल. दिसण्यासारखं काहीच नाही.

 तेच बटण परत फिरवतोय, यावेळी उलटं.

बुवा गायला. "ये" पोचला. काठावर, पण पोचला. म्हणाला, "धूळ बसली वाटतं." सगळे हसले. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

१० मार्च, सोमवार

आणखी एक फ्रेट. आता गाणी जिथे जन्मली तिथे आहेत.

काय गायला! डोळे मिटून, मांडीवर बोटांनी ठेका धरत, न ओरडता. त्या पहिल्या दिवशी घोंगडीतून गायला होता तसाच. गाणं संपल्यावर जेवणाचं कुणाला आठवलं नाही. ठोक्यालासुद्धा!

११ मार्च, मंगळवार

चार गाणी झाली. बुवाने सगळ्यांना सामोसे आणले. धाकटीचा फोन: "दादा, काय जादू केलीस? घरी शीळ घालतोय." मी म्हटलं, काही नाही, विश्रांती मिळाली असेल घशाला. खोटं बोलायची सवय झाली की जीभ अडखळत नाही.

१३ मार्च, गुरुवार

सातही संपली. रेकॉर्डिंगवाली बाई हुशार आहे, नको तेवढी. चाळिशीची असेल, बोलते कमी. सगळे गेल्यावर तिने पडद्याकडे बोट केलं. "काका, हे मूळ कॅसेटपेक्षा दोन फ्रेट खाली आहे. त्यांना माहीत आहे?"

म्हटलं, नाही, आणि कळायला नको.

तिने कानावरचे हेडफोन काढून ठेवले. मग म्हणाली, "सुंदर गायलेत. खाली असलं म्हणून काय झालं?" हेच तर मी तीस वर्षं बोललो नाही, बाई.

१४ मार्च, शुक्रवार

मेलो!

बुवाने मैदानातल्या कार्यक्रमावर सही केली. पाच एप्रिल. मला न विचारता. लाकडी गिटारी नाहीत — सगळं पूर्वीसारखं, विजेचं, दणक्यात. मागे कॉम्प्युटरवर मूळ कॅसेटमधलेच ठोके आणि कीबोर्ड वाजणार. त्याची पट्टी मला खुंट्या पिळून उतरवता येत नाही. आणि दोन तास! "सातवा मजला" शेवटी.

बुवा म्हणाला, "आवाज परत आलाय माझा. आत्ता नाही तर कधी?"

मी आणलाय हा दिवस. त्याचा घसा वाचवायला गेलो आणि त्यालाच मैदानात उभं केलं. माझ्यासारखा गाढव शोधून सापडणार नाही.

१५ मार्च, शनिवार

जेवण गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

धाकटीला सगळं सांगितलं. बटणापासून. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. एकही घडी मोडली नाही, एकदाही मान वर केली नाही. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी रिक्षात तो मला म्हणत होता, आज खाली राहिला आवाज, वर जमलं नाही. मी म्हटलं, तापात आहेस, विसर."

मग म्हणाली, "उद्या संध्याकाळपर्यंत तू सांग. नाहीतर मी सांगते. आणि तू सांगितलेलं बरं."

निघताना दारापर्यंतसुद्धा आली नाही. माझी धाकटी.

१७ मार्च, सोमवार

बुवा दुपारी तारा बदलायला दुकानात आला. मी शटर अर्धं खाली ओढलं.

माझ्याकडे एक कॅसेट होती. बटण फिरवायच्या आधीची प्रत. तीस वर्षं तारांच्या डब्याखाली ठेवलेली. टाकून देता आली नाही, ऐकवताही आली नाही. लावली.

तो ऐकत राहिला. "हा कोण?"

"तू."

"मी असा कुठे गातो?"

मग सांगितलं. सगळं. गेल्या आठवड्यातल्या गिटारींचंही. मला वाटलं होतं ओरडेल. काउंटरवरचा पेचकस फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "गिटारी उतरवल्यास ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. घशाला कळतं रे. म्हटलं, मिस्त्री सांभाळून घेतोय, आपण कशाला बोला? त्याला बरं वाटतंय, मलाही बरं वाटतंय."

मी विचारलं, "मग मैदानाची सही?"

"वाटलं तिथेही काहीतरी युक्ती काढशील. तू आहेस म्हणून केली."

म्हणजे तो माझ्या भरवशावर होता! मी गप्प बसलो असतो, आयोजकांना भेटलो असतो, त्या कॉम्प्युटरची पट्टी उतरवून मागितली असती — झालं असतं. हे एवढंसं विचारायचं मला सुचलं नाही. लपवायची इतकी सवय, की विचारायचं असतं हेच विसरलो.

बुवाने मशीनमधून कॅसेट काढली, उलटसुलट बघितली, टेबलावर ठेवली. मग एकच विचारलं. "म्हणजे तो वरचा 'ये' मी कधी लावलाच नाही? एकदाही?"

मी म्हटलं, नाही.

तारा न बदलताच गेला. भिंतीवर आमच्या जुन्या कॅसेटचं कव्हर होतं, चौकटीत, आत कॅसेटही होती. जाताना ते काढून घेऊन गेला.

"नाही" का म्हणालो? तीस वर्षांच्या कार्यक्रमांत तो दर वेळी काठावरच फाटला, पण त्या दणदणाटात कुणाला कळलं होतं? "कधी कधी लागला" म्हटलं असतं तर काय बिघडत होतं? खोटं बोलायचं तेव्हा नेमका खरं बोललो.

१८ मार्च, मंगळवार

फोन उचलत नाही. ठोक्या म्हणतो, "रुसलाय, येईल. गेल्या वेळी चार महिन्यांनी आला होता." ठोक्याला काही माहीत नाही.

आयोजकांना फोन केला. ते म्हणाले, "पट्टी उतरवायची? हो, दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं.

१९ मार्च, बुधवार

दुकान उघडलं नाही. बुवाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, परत आलो. त्याच्या खिडकीतून जुन्या कॅसेटवरचं "सातवा मजला" ऐकू येत होतं. पूर्ण जोरात; गल्लीच्या गोंगाटात वाद्यं विरून जात होती, आवाज तेवढा पोचत होता. शेवटचा "ये" लांबवर गेला, तुटला नाही. कॅसेटवर कसा तुटेल? वाटलं, स्वतःला ती पट्टी ऐकवून शिक्षा करून घेतोय बिचारा. वर जायची हिंमत झाली नाही.

२० मार्च, गुरुवार

धाकटीकडून आलो. बुवाचा आवाज गेला. कुजबुजसुद्धा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता परत येणार नाही.

मी म्हटलं, काल तर नुसती कॅसेट ऐकत होता. धाकटीने चौकट माझ्या हातात दिली. मागचे खिळेसुद्धा उचकटलेले नाहीत, कॅसेट आत तशीच; घरात दुसरी नाही. "मी खाली जिन्यात होते, मलाही कॅसेटच वाटली, दादा."

बुवा खुर्चीत बसला होता. त्याने माझ्यासाठी कागदावर लिहून ठेवलं होतं: "मिस्त्री, लागला." खाली कालची तारीख घातली आहे, आणि ताप नव्हता असंही लिहिलं आहे.