सरकारी जागेतली कोथिंबीर

९ एप्रिल १९५९, लोहारा

शेवटी अर्ज केलाच. विषय – सरकारी दवाखान्याच्या आवारात विनापरवाना कोथिंबीर.

दवाखान्यामागं आड आहे. तिथं मी औषधाच्या बाटल्या धुतो. ते पाणी जिथं मुरतं तिथं फरिदाबीनं वाफा केलाय. साठीची बाई, आवाराला लागून एका खोलीत एकटी राहते, भाजी विकते. साऱ्या गावाची कोथिंबीर करपली, हिची हिरवीगार. त्याचंही मला काही नव्हतं. पण ही बाई वाफ्याच्या कडेला बसून गावाला औषध सांगते! पित्त झालं – धने चावा. तोंड आलं – कोथिंबिरीचा रस धरा. डोळे आले – धन्याचं पाणी घाला. लोक आधी तिच्याकडं जातात. तिथून उठल्यावर वाटलंच तर माझ्या खिडकीशी येतात.

आज शिवप्पा हॉटेलवाला आला. चुलीच्या धुरानं डोळे लाल. मी बोरिकचं पाणी करून बाटली भरून दिली. म्हणाला, "फरिदाबीनं सकाळीच पानी घातलंय, गार वाटायलंय. बाटली मातर द्या, चांगली हाय." आणि माझ्यादेखत औषध ओतून टाकलं. वाहत वाहत गेलं कुठं? वाफ्यात.

पाच वर्षं कंपाउंडर आहे मी. हैदराबादेत शिकून आलोय.

डॉक्टरसाहेबांनी अर्ज वाचला. म्हणाले, "गोपाळकृष्ण, तुला दुसरं काम नाही का?" पण सही केली. दुपारच्या टपालानं उस्मानाबादला गेला.

१० एप्रिल

लीलाला अर्जाचं सांगितलं. बायको म्हणून कौतुक करील असं वाटलं होतं. संध्याकाळी पिठल्यावर कोथिंबीर नव्हती. "का गं?" म्हटलं तर म्हणाली, "विनापरवाना होती."

१७ एप्रिल

उन्हाळी लागली. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

परवा देवी टोचायला सायकलवर सास्तूरला गेलो होतो. दिवसभर ऊन, पाणी प्यायला सवड नाही, वर तिथं झणझणीत जेवण. आता आडोशाला जायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. निखारा बरा.

साहेबांना सांगायची सोय नाही. साहेब माणूस देव आहे, पण आवाज देवळाच्या घंटेसारखा. मागच्या महिन्यात कल्याणप्पा हेच दुखणं घेऊन आला होता. व्हरांड्यात तीस माणसं. साहेबांनी आतून विचारलं, "सोलापूरला कधी गेला होतास? कुणाकडं गेला होतास?" तो बिचारा चादरी आणायला गेला होता. पण गाव अजून त्याला चादरींचा भाव विचारतं.

माझी तर मावशीच सोलापुरात असते. दर महिन्याला जातो. नको.

१८ एप्रिल

अशा दुखण्यावर आमच्याकडं एक मिक्श्चर असतं. शोधलं. बाटली रिकामी. मागणी फेब्रुवारीत गेलीय, माल अजून यायचाय. मागणी माझ्याच अक्षरात आहे, त्यामुळं कुणाला बोलायचं?

दिवसभर उभ्यानं पुड्या बांधल्या.

१९ एप्रिल

लीला – "अहो, सकाळपासून सहाव्यांदा मागं गेलात."

"मोजतेस काय?"

"मोजायला कशाला लागतंय. दर वेळी जाताना रामरक्षा म्हणता, ती ऐकू येती."

मग सांगावंच लागलं. हसली नाही, एवढं मात्र तिचं खरं. म्हणाली, धन्याचं पाणी घ्या. मी तिला मूत्रपिंड, क्षार, जंतू सगळं समजावून सांगितलं. तिनं भाकरी थापत थापत ऐकलं. मी थकल्यावर म्हणाली, "घरातले धने जुने आहेत, पोरकिडा लागलाय. फरिदाबीकडं यंदाचे आहेत."

"मग आण की जाऊन."

"मी न्हाई जायची. ज्यांनी अर्ज केलाय त्यांनी जावं."

२० एप्रिल

गेलो. दवाखाना उघडायच्या आधी गेलो, म्हणजे कुणी बघायला नको. फरिदाबी वाफ्यात बसून तण उपटत होती.

"फरिदाबी, मूठभर धने पाहिजे होते. एका पेशंटसाठी."

"काय हुतंय पेशंटला?"

"आग होते."

"कुठं?"

मी आडाकडं बघितलं. "खाली."

"किती दिस झाले?"

"पाच."

"पाच दिस दम काढला? हिंमतवाला हाय."

तिनं पदराला हात पुसले, खोलीतनं धन्याची पुरचुंडी आणली.

"जाडेभरडे कुटायचे, पीठ न्हाय करायचं. मडक्यात रातभर भिजवायचे. सकाळी गाळून, खडीसाखर टाकून अनशापोटी प्यायचं. दिवसभर बी पानी पीत ऱ्हायाचं. तिखट बंद. आन सायकल बंद."

सायकलचं मी काही बोललो नव्हतो.

"पेशंटच्या बायकोला म्हनावं, भाजीवर कोथमीर टाक. रागं भरू नगं," म्हणाली आणि परत तणाला लागली. अर्जाचं तिला ठाऊक होतं. सगळ्या गावाला ठाऊक होतं.

२३ एप्रिल

उतार आहे. तिसऱ्या दिवशी बसून पुड्या बांधल्या.

शास्त्राला धरून लिहायचं तर पाणी भरपूर पोटात गेलं म्हणूनही असेल. तिखट बंद केलं म्हणूनही असेल. असं मी लीलाला म्हटलं. ती म्हणाली, "मग उद्यापासून नुसतं पाणी देते."

नको म्हटलं. चव चांगली आहे.

२८ एप्रिल

उस्मानाबादहून हुकूम आला. फेब्रुवारीची मागणी अजून वाटेत आहे, हे मात्र एकोणीस दिवसांत! "अर्जदाराने स्वतः हजर राहून सदर कोथिंबीर मुळासकट काढावी व तसा दाखला आठ दिवसांत पाठवावा."

अर्जदार म्हणजे मी.

खुरपं घेऊन वाफ्यापर्यंत गेलो. फरिदाबीनं पावलांच्या आवाजावरून ओळखलं. "कोन, कंपाउंडरसाब? पेशंट बरा हाय का?"

"बरा आहे."

"मंग खुरपं द्या की. माजं बोथट झालंय."

दिलं. काय करणार!

२९ एप्रिल

उलट टपाली विचारणा केली – सदर कोथिंबीर भाजी समजावी, पीक समजावे की वनौषधी? वनौषधी असल्यास दवाखान्याच्या आवारात चालते काय? खुलासा व्हावा.

साहेबांनी दोनदा वाचलं. "हे तूच लिहिलंस? याच अक्षरात याच्या बरोबर उलटं लिहिलेलं होतं की."

"अभ्यास वाढवला, साहेब."

साहेब चष्म्यावरून बघत राहिले. मग हळूच म्हणाले – आयुष्यात पहिल्यांदा हळू – "उन्हाळी लागली होती ना तुला? अरे, मी डॉक्टर आहे."

आता जमिनीनं पोटात घ्यावं तर आवार सरकारी.

८ मे

खुलासा नाही आला. "निर्णयासाठी नमुना पाठवावा."

फरिदाबीनं स्वतः एक जुडी निवडून दिली. ओल्या फडक्यात गुंडाळली, वर जावक क्रमांकाची चिठ्ठी लावली, आणि एस.टी.चा कंडक्टर गुंडाप्पा – भला माणूस – त्याच्या हवाली केली. म्हटलं, कचेरीत पोचती कर, सरकारी काम आहे.

१० मे

गुंडाप्पा भेटला. "पोचवलीस का?"

"कंपाउंडरसाब, वाटंत टायर फुटला. दोन तास बसलाव. डायवरकडं भाकरी हुत्या, ठेचा हुता." पुढचं त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. जावक क्रमांकाची चिठ्ठी तेवढी परत दिली त्यानं. प्रामाणिक.

१९ मे

"नमुना न पोचल्याने" उद्या उस्मानाबादहून अधिकारी येणार. जातीनं पाहणी करणार. आणि वाफा असा माजलाय की रस्त्यावरून दिसतो.

हुकूम न पाळल्याबद्दल माझी चौकशी, कोथिंबीर राहिल्याबद्दल माझी चौकशी. आणि काढली तर फरिदाबीनं खायचं काय? भाजीवरच तर पोट आहे तिचं. लीलाला म्हटलं, नोकरी गेली तर तुळजापूरला वडिलांच्या हाताखाली पूजेचं ताट धरावं लागेल. वडिलांना आनंद होईल, मला नाही.

लीला उठली. "कुठं निघालीस?" तर म्हणाली, "फरिदाबीकडं. तुम्ही आणि डॉक्टरसाहेब मिळून नुसते अर्ज करणार."

बराच वेळ आली नाही.

२० मे

उस्मानाबादचे साहेब बाराच्या एस.टी.नं आले. जाड, घामेजलेले, भुकेले. आमच्याकडं जेवायला नेलं. लीलानं वाढलं – आमटी, भात, भाकरी, आणि कोथिंबिरीच्या वड्या. परातभर! बाहेरनं कुरकुरीत, वर तीळ. साहेबांनी दोन खाल्ल्या, चार खाल्ल्या. म्हणाले, "वहिनी, या दिवसांत कोथिंबीर कुठं मिळते हो?" लीला म्हणाली, "मिळते अशीच, शेजारी." अकराव्या वडीपर्यंत मी बघत होतो, मग बघवेना.

जेवून आडाकडं गेलो. डॉक्टरसाहेब बरोबर. वाफ्यात नुसती बोटभर खुंटं. सगळी कापलेली.

"हेच का ते अतिक्रमण?"

"हो साहेब."

"काढलेलं दिसतंय. माल कुठं टाकला?"

डॉक्टरसाहेबांना खोकला आला. मी म्हटलं, "विल्हेवाट लावली, साहेब."

"छान." साहेबांनी तिथंच कागदावर लिहिलं – अतिक्रमण दूर झाल्याचे समक्ष पाहिले, प्रकरण बंद. सही करताना त्यांच्या मिशीला तीळ होता.

फरिदाबी दारात बसून ऐकत होती. साहेबांची पाठ वळल्यावर म्हणाली, "मुळं तशीच ठिवलीत. दहा दिसात फुटंल. लीलाबाई लई हुशार. जपा."

२६ मे

फुटली.

२९ मे

आज फरिदाबी दवाखान्यात आली. खिडकीशी नाही, आत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. भिंत चाचपत बाकापर्यंत गेली. म्हणाली, "दोन्ही डोळ्याला धुकं धरलंय. दीड साल झालं. धन्याचं पानी घालून घालून बघितलं. ह्याला ते चालत न्हाय."

मी समोर बोटं धरली. "किती?"

"धरलीत व्हय?"

डॉक्टरसाहेबांनी तपासलं. मोतीबिंदू, दोन्ही पिकलेले. सोलापूरला ऑपरेशन करावं लागेल, सोबत माणूस पाहिजे. ती माझा हात धरून म्हणाली, "गावात सांगू नगा. हिलाच दिसत न्हाय म्हनल्यावर माज्याकडं कोन येईल?"

आठ दिवसांची रजा मागितली. कारण लिहिलं – घरचं माणूस आजारी.