छगनच्या दाखल्यावरची तारीख

छगन,

वच्छला आत्याचं लग्न झालं त्या वर्षी, कपाशीच्या वेचणीत तू जन्मलास. शाळेच्या दाखल्यावर मात्र तू अडीच वर्षांनी मोठा आहेस. सूनबाईने मला अक्षरं शिकवली, म्हणून काल ती तारीख वाचता आली.

चूक माझी आहे. तुझं नाव शाळेत घालताना मी पेटीतली जन्माची चिठ्ठी मास्तरांना दिली. ते म्हणाले, "भाऊ, पोरगं वयाच्या मानाने फार बारीक आहे. खाऊ घालता ना?" मी हसलो. ती चिठ्ठी तुझी नव्हती, तुझ्या आधीच्या छगनची होती. तू झालास तेव्हा तुझी आई म्हणाली, "तोच परत येल शे." म्हणून तेच नाव ठेवलं.

आज धुळ्याला पासपोर्टचा अर्ज देऊ नकोस. मी सकाळच्या गाडीने शिंदखेड्याच्या कचेरीत तुझ्या जन्माची नक्कल काढायला जात आहे. गुडघे साथ देत नाहीत, पण साक्षीला मीच लागेन. आगबोट महिन्यावर आली आहे, ठाऊक आहे. तरी नैरोबीला जाशील तो तुझ्या स्वतःच्या तारखेने जा.

सामान बांधताना आईला यातलं काही विचारू नकोस. लहानपणी तू विचारायचास, "आबा, आखाजीच्या सणाला आपल्याच दारी झोका का नाही?" तुझा थोरला भाऊ छगन, एक वर्षाचा, तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी आखाजीच्या दिवशी गोवराने वारला.