कोम्बूचं कपाटातलं घर

साये,

तू घटस्फोटाचा कागद द्यायला वॉर्ड ऑफिसात गेलीस, तेवढ्यात भिंतीतल्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करून तुझ्या कोम्बूचं घर केलं. खोलीतली जागा अजिबात अडली नाही. सरकतं दार काढलंय, हवा खेळती राहील. पुढची फळी मुद्दाम उंच लावली आहे. तुझा कोम्बू नावाला कासव, चढायला माकड! त्याच्या उबेचा दिवा साखळीने टांगलाय, त्यामुळे कलंडायची भीती नाही.

वरच्या कप्प्यात मात्र अंथरुणं ठेवू नकोस. हात लावून पाहिला तर दिव्याने फळी तापली होती. तिथे तुझ्या आईची गादी होती. चार वर्षं मला ती हलवायचा धीर झाला नव्हता. आज बाल्कनीत उन्हात घातली आहे. तीनच्या आत झटकून आत घे आणि रात्री तिच्यावर तूच झोप. कोट अंथरून झोपतेस, ते दिसतं मला.

मी कामावर चाललोय. फ्रीजमध्ये भात आहे, कोमात्सुनाची पालेभाजी आहे ती कोम्बूची.

खोली मिळेपर्यंतच राहीन, म्हणालीस. बरं. पण कासव सत्तर वर्षं जगतं म्हणे. त्याचं घर मी त्या हिशेबानेच पक्कं ठोकलं आहे.

बाबा