तू नाही दिलेला रस

माय,

तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. भांडायला म्हणते खरं, पण सुरुवात कुठून करावी तेच समजत नाही. इथे अकोल्याच्या शाळेत मी पोरांना विज्ञान शिकवते, सगळे म्हणतात या बाईंचं तोंड बंद होत नाही, आणि इथे दोन कागद फाडून झाले. तर आधी तुझ्या नातीचं सांगते. तू गेलीस तेव्हा ती माझ्या पोटात होती. आता तिसरीत आहे. नाक तुझं, हट्टही तुझाच. या एप्रिलात तिला साखरेचा आजार निघाला. म्हाताऱ्यांना होतो तो नव्हे. लेकरांचा वेगळा असतो, अंगात इन्सुलिन तयार होणंच थांबतं. दिवसातून चार वेळा सुई, जन्मभर.

पण ते सांगायचं तर मला चांदूर बाजारच्या आपल्या घरात शिरावं लागतं, धाकटीच्या त्या उन्हाळ्यात. मी अकरा वर्षांची, ती सहा. अजून दिसते मला. रांजणाशी उभी आहे, गडवा तोंडाला लावून गटागटा पाणी पिते आहे, अर्धं फ्रॉकवर सांडतं आहे. खाते सगळं आणि वाळत चालली आहे, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. तू तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे नेतेस. तो चुन्याच्या पाण्यानं तिचे हात धुतो, पाणी पिवळं होतं. "पाह्य, कशी पिवयी निंगाली!" तू मला म्हणतेस, आणि तुझी खात्री पटते. कोणाचेही हात धुतले तरी त्यानं चुन्याचं पाणी पिवळं करून दाखवलं असतं, पण हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. घरात हळद बंद झाली, तेल बंद झालं, उसाचा रस सुरू झाला. सकाळ-संध्याकाळ मी किटली घेऊन स्टँडजवळच्या रसवंतीवर पळायची. बिनबर्फाचा आणायचा, हे तू रोज बजावायचीस. मोरीत ती लघवीला बसायची तिथे मुंग्यांची रांग लागली तेव्हा मी तुला दाखवली होती, आठवतं? "रस सांडला असंल, पाणी टाक," म्हणालीस. मी पाणी टाकलं.

शेवटच्या दिवशी ती सारखी ओकत होती, धापा टाकत होती. दुपारी तिनं रस मागितला. तू ग्लास बाजूला ठेवलास. "आता नोको वं बाई, ओकशीन. थांब जराशी." संध्याकाळी कोणाची तरी जीप मिळाली, आणि अमरावती यायच्या आधीच ती तुझ्या मांडीवर गेली.

त्यानंतर तू रसाला कधी तोंड लावलं नाहीस. कोणाच्या घरी कावीळ झाली असं कानावर आलं की मात्र पहिली किटली तुझी. आणि प्रत्येकापुढे तेच. "आणखी एक गिलास पोटात गेला असता तं वाचली असती माही पोरगी. मरतानी लेकरानं मांगतलं अन् म्या नाई देल्लं." मी ऐकून ऐकून चिडायचे. एका लग्नघरी तर चार बायकांसमोर तुला म्हणाले, "गप बस न माय, किती दिवस तेच ते?" तू ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठलीस.

आणि आता माझं ऐक. बी.एस्सी. बी.एड. झालेली ही तुझी लेक, पोरगी पाणी पाणी करायला लागली तेव्हा काय म्हणाली? अकोल्याच्या एप्रिलात कोणाला तहान लागत नाही! मग ती वाळली, मग ओकायला लागली. आमच्या गल्लीत काविळीचे पेशंट होतेच. डोकं चालायच्या आधी माझे पाय रसवंतीकडे वळले. बिनबर्फाचा आणला. "पी माझे माय, रसानं उतरते," हे मी म्हणाले, माय, अगदी तुझ्या आवाजात. दोन दिवस पाजला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास भलताच चालायला लागला, तेव्हा ऑटोत घालून दवाखान्यात पळाले.

यंत्रावर आकडासुद्धा आला नाही, इतकी साखर चढली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय काय दिलं? मी सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, नुसतं लिहून घेतलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मग म्हणाल्या, घरात आधी कोणा लहान मुलाला असं झालं होतं का? मी नाही म्हणाले. आणि तो शब्द तोंडात असतानाच मला रांजणाशी उभी असलेली धाकटी दिसली. पुढचं त्या काय बोलल्या ते मी ऐकलंच नाही, बाहेर येऊन बाकावर बसले.

पोरगी वाचली. चार दिवसांनी मी हिंमत करून डॉक्टरीणबाईंना धाकटीचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, लक्षणं तरी तीच दिसतात. इन्सुलिन मिळालं नसतं तर रसाशिवायही ती गेलीच असती. रसानं जरा लवकर झालं असेल.

सुया टोचायला शिकले मी. ते जमलं. परवा मात्र भलतंच झालं. हिची साखर कधी एकदम खाली येते, तेव्हा लगेच साखरपाणी पाजावं लागतं, नाहीतर लेकरू बेशुद्ध पडतं. संध्याकाळी खेळून आली ती घामानं निथळत, हातपाय लटलट कापत. मी ग्लासात साखर ढवळली आणि ग्लास धरून उभीच राहिले. हात पुढे होईना. सगळं माहीत असून होईना! "आई, दे न लवकर! काय पाहून राहिली?" ती ओरडली, आणि तिनंच माझ्या हातातून ग्लास ओढून घेतला. पाव तासानं ती टीव्हीसमोर हसत बसली होती आणि मी ओट्याला टेकून रडत होते. उद्या तिच्या अंगात ओढून घेण्याइतकंही बळ नसलं तर? या भीतीनंच आज लिहायला बसले.

माय, ज्या ग्लासासाठी तू जन्मभर रडलीस, तो नाही दिलास हेच बरोबर होतं. एवढं तुला सांगावं असं फार वाटतं गं. पण हे सांगितलं की त्याच्या आधीचे सगळे ग्लास आलेच, तू मायेनं पाजलेले आणि मी पळत जाऊन आणलेले. तू शाळेत गेली नव्हतीस, पण खुळी नव्हतीस. अर्धं ऐकून बाकीचं तू आपणहून समजली असतीस. म्हणून हा कागद मी कोणाला वाचून दाखवणार नाही, तुझ्या फोटोसमोरही नाही. एकच कबूल करते. त्या सकाळी बाकावर बसले होते, पोरगी आत होती, जगते की मरते ते माहीत नव्हतं, आणि तेव्हा मला तू मेली आहेस याचं बरं वाटलं.