मोगरीच्या कानाशी

दिंडोशी, दुपार

आत्या,

मोगरी व्यायल्यापासून उठत नाही, म्हणून काल तू फोन केलास. तालुक्याच्या गुरांच्या डॉक्टरला बोलव म्हटलं, तर हसलीस. "घरात डॉक्टर आसताना भायरचो कित्याक?"

अगं, मी पहिल्या वर्षाला आहे! कॉलेजात मेलेल्या गायीची हाडं हातात घेऊन नावं घोकते. जिवंत गाय अजून तपासलेली नाही. पण बाबांनी गावभर पेढे वाटले ना, तेव्हापासून मी तुमची डॉक्टरीण. हेच ओरडून सांगणार होते, तेवढ्यात तू मोबाइल मोगरीच्या कानाशी धरलास. "उठ म्हण तिका. तुझो आवाज ऐकलो काय उठतली."

आणि मी म्हटलं. चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभी राहून "मोगरी, उठ गं बाय" म्हणत राहिले. शेजारचे बघत होते. तिनं कान हलवला म्हणालीस आणि खूश होऊन फोन ठेवलास. त्या कानामागचं हाड मला पाठ आहे. ती का उठत नाही, ते ठाऊक नाही.

सकाळपासून तू फोन उचलत नाहीस. पत्र पोचायला आठवडा जाईल, तेव्हा पाठवून तरी काय करू?

फोन उचल ना, आत्या. मी डॉक्टर नाही गं. डॉक्टरला बोलव.

तुझी,
रुचिरा