तिसऱ्या खाटेसमोरची भिंत

३ जानेवारी, मंगळवार
सव्वीस. दीड वर्ष रोज एक फोटो नेटवर टाकतेय आणि फॉलो करणारे सव्वीस. त्यातले अकरा नातेवाईक, एक गाद्यांचं दुकान. आज नदीवरच्या धुक्याचा टाकला — भल्या पहाटे उठून, बोटं गारठेपर्यंत उभं राहून काढलेला. सात लाइक. भाचीला विचारलं, असल्या गोष्टी तिला कळतात. "मावशी, रील कर. आणि त्यात तू स्वतः दिस." मला दिसायचं असतं तर कॅमेऱ्यामागे कशाला गेले असते?

५ जानेवारी, गुरुवार
रील केलं. बघितलं. पुसून टाकलं.

९ जानेवारी, सोमवार
आज कामावर एक उद्योग केला. आमच्या डायलिसिस विभागात नऊ खाटा, नऊ मशिनं. माणसं आठवड्यातून तीनदा येतात, मी सुया लावते, रक्त शुद्ध होईपर्यंत चार तास पडून राहतात. समोर काय, तर फिकट हिरवी भिंत. आणि मी इकडे सव्वीसचे सत्तावीस कधी होतात ते बघत बसलेय! धुक्याचा फोटो मोठा छापून आणला आणि चिकटवला.

दुसऱ्या खाटेवरच्या टपालकाकांनी चाळीस वर्षं या गावात पत्रं वाटली. ते लगेच म्हणाले, "हा जुना पूल. पलीकडे न्हाव्याचं दुकान होतं, ते कुठे गेलं?" तिसऱ्या खाटेवरच्या हेडबाई, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, चष्मा वरखाली करत बघत होत्या. कसा वाटला, विचारलं.
"बरा आहे. धूसर आलाय."
"बाई, ते धुकंच आहे."
"मग ऊन पडल्यावर जायचं ना."
हसू आवरेना. माझ्या फोटोवर एवढं कुणी बोललंच नव्हतं आजवर.

१६ जानेवारी, सोमवार
फर्माइशी सुरू. काकांना न्हाव्याचं दुकान. पहिल्या खाटेवरच्या शिंपीणताईंना गर्दी — "इथे सगळे आडवेच दिसतात, जरा चालणारी माणसं दाखव." हेडबाईंना त्यांची शाळा. "सुट्टीच्या दिवशी काढू नकोस. पोरं पळताना हवीत."

२३ जानेवारी, सोमवार
शिंपीणताईंसाठी बाजारातल्या गर्दीचा लागलाच होता, आज शाळा लावली. हेडबाईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग, "फाटकाचा रंग बदललाय. घाणेरडा दिसतो." जाताना मात्र हळूच म्हणाल्या, "बुधवारीही राहू दे हा."
घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होते.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
मोठ्या सिस्टरनी भिंत रिकामी करायला लावली. कागदावर धूळ बसते, जंतुसंसर्गाची भीती. त्यांचं चूक नाहीच, म्हणून जास्त वाईट वाटलं. सगळ्यांच्या देखत एकेक फोटो उतरवला. कॅमेरा कपाटात.

६ फेब्रुवारी, सोमवार
हेडबाईंनी मोठ्या सिस्टरना खाटेपाशी बोलावून घेतलं. आवाज अजिबात चढवला नाही.
"धूळ बसते, मान्य. मग पुसता येतील असे लावा. आम्ही वर्गातले तक्ते प्लास्टिकमध्ये घालायचो."
"आणि रोज पुसणार कोण, बाई?"
मी म्हटलं, मी. दोनदा पुसेन.
सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "मला पुसलेलं दिसलं पाहिजे." एवढं बोलून गेल्या. दाराशी पोचल्यावर वळून म्हणाल्या, "तो बाजाराचा आधी लावा."

२० फेब्रुवारी, सोमवार
दुपारच्या पाळीचे पेशंट अर्धा तास आधी येऊन भिंतीपुढे उभे असतात. शिंपीणताईंचे यजमान त्यांना दारात सोडून निघून जायचे. आज आत आले, बाजाराच्या फोटोत स्वतःची सायकल सापडली म्हणून दोनदा सगळ्यांना दाखवली. भाची विचारत होती, किती झाले? बघितलं तर चोवीस. दोघं गेले. मीच दहा दिवस काही टाकलं नव्हतं. लक्षातच नाही!

८ मार्च, बुधवार
तिसरी खाट रिकामी. आमच्याकडे खाट रिकामी दिसली की कुणी कुणाला विचारत नाही. टपालकाका छताकडे बघत राहिले. मी फोटो पुसले. परत पुसले. अकराला मोठ्या सिस्टर जवळजवळ धावत आल्या. "पहाटे फोन आला होता बाईंना. किडनी मिळाली. ऑपरेशन चालू आहे."
शिंपीणताई रडायला लागल्या. मीही.

२५ मार्च, शनिवार
हेडबाईंकडून फोटो आला मोबाइलवर. स्वतः काढलेला, वाकडा, कोपऱ्यात अंगठा. खिडकीत काचेचा मोठा पेला, तळाशी घोटभर पाणी. किडनी चालत नसली की पाणी मोजून मिळतं. बाईंनी चार वर्षं घोट मोजले. खाली लिहिलंय — "हा चौथा. डॉक्टर म्हणतात, अजून प्या. सोमवारी भिंतीवर लाव."

२७ मार्च, सोमवार
लावला. आठही जण बघत राहिले. मग टपालकाकांनी विचारलं, "गार होतं का गं पाणी?"
विचारून सांगते म्हटलं.